मोठ्या देहाची देवघेव



शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्राण्यांची ओळख एका ठरावीक क्रमाने होते. आधी अमीबा, मग हायड्रा, चपटे कृमी, गांडूळ, झुरळ, मासा, बेडूक आणि सरतेशेवटी सस्तन प्राणी. या वाटेने पुढे जावे तसतसे नवे अवयव भेटत जातात. कल्ले येतात, हृदय येते, फुफ्फुसे येतात, हृदयाचे कप्पे दोनाचे तीन आणि तिनाचे चार होतात. विद्यार्थ्याच्या मनावर यातून नकळत असे ठसते की ही एक शिडी आहे, वर चढावे तसा जीव अधिक ‘प्रगत’ होतो आणि अवयव ही त्या प्रगतीची बक्षिसे आहेत. आज मला या समजुतीला हात घालायचा आहे. यातले बरेचसे अवयव म्हणजे मोठ्या आकारापायी भरावी लागलेली किंमत आहे, असे मी मानतो. बाहेरून प्राणवायू आणि अन्न घेणे, आतली घाण आणि उष्णता बाहेर टाकणे, ही देवघेव प्रत्येक जिवाला करावी लागते. आणि ती प्रत्यक्षात कुठेही पाहिली तरी अगदी लहान मापानेच होते. हत्तीच्या अंगातही ती उंदराच्याच मापाने चालते. मोठ्या जिवाचे मोठेपण असते ते वाहतुकीत.

या विचाराचे श्रेय जे. बी. एस. हॅल्डेन यांना द्यायला हवे. 1926 साली त्यांनी प्राण्यांच्या योग्य आकाराविषयी एक छोटा निबंध लिहिला आणि शरीररचनेच्या गुंतागुंतीचे मूळ आकारात शोधावे, असे त्यात सुचवले. हेच हॅल्डेन पुढे 1957 साली भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले आणि 1964 साली भुवनेश्वरला त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या निबंधाला आता शतक होत आले. मधल्या काळात जो पुरावा जमला त्यापुढे हा विचार कितपत टिकतो, हे तपासायला हरकत नाही. विशेषतः उष्णतेच्या बाबतीत त्यात दुरुस्ती करावी लागते, हे मी पुढे दाखवणार आहे.

सुरुवात साध्या भूमितीने करू. एक सेंटीमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटीमीटर आणि घनफळ 1 घन सेंटीमीटर. बाजू दहापट केली की पृष्ठफळ 600 होते, पण घनफळ 1000. म्हणजे आतल्या प्रत्येक घन सेंटीमीटरच्या वाट्याला आधी 6 चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग येत होता, तो आता 0.6 उरला. बशीत ओतलेला चहा लगेच निवतो आणि किटलीतला तासभर गरम राहतो, त्यामागचा हिशेब हाच. गरज असते घनफळाची, कारण जिवंत पेशी घनफळात भरलेल्या असतात. पुरवठा होतो पृष्ठफळातून, कारण बाहेरचे जग तिथेच भेटते. जीव तोच आकार ठेवून वाढत गेला, तर मागणी पुरवठ्याच्या पुढे निघून जाणारच.

पण पृष्ठफळ ही अडचणीची निम्मीच बाजू झाली. दुसरी बाजू अंतराची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक कठोर आहे. पृष्ठभागातून आत शिरलेला प्राणवायूचा रेणू पुढे जातो तो विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आंधळ्या धडपडीतून. या विसरणाचा नियम आडोल्फ फिक यांनी 1855 साली मांडला. त्यातून निघणारी गोष्ट अशी की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो आणि अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट. पाण्यात प्राणवायू किती वेगाने पसरतो ते मोजलेले आहे, त्यावरून कुणालाही कागदावर गणित मांडता येते. एका पेशीइतके, म्हणजे 10 मायक्रॉनचे अंतर कापायला त्याला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. एक मिलिमीटरला चार मिनिटे लागतात. एक सेंटीमीटरला सुमारे सात तास. आणि एक मीटर जायला जवळजवळ आठ वर्षे. चार मिनिटे आणि सात तास या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी प्राणिजगतातली एक मोठी सीमारेषा आहे. चार मिनिटे प्राणवायूवाचून आपला मेंदू कसाबसा तग धरतो. सात तास कोणतीही कष्टकरी पेशी तग धरत नाही.

डेन्मार्कचे आउगुस्ट क्रोग यांनी आयुष्याचा मोठा भाग या प्रश्नात घालवला. केशवाहिन्यांच्या अभ्यासासाठी त्यांना 1920 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पद्धतीने हिशेब केला, एक गोल जीव कल्पिला आणि त्याचा चयापचय मंद धरला, तर 1 मिलिमीटर त्रिज्येच्या जिवाच्या मध्यापर्यंत प्राणवायू पोचण्यासाठी बाहेर प्राणवायूचा दाब सुमारे 0.15 वातावरण लागतो. आपल्या हवेत तो 0.21 आहे, म्हणजे काम भागते. त्रिज्या 1 सेंटीमीटर केली की लागणारा दाब शंभरपट वाढून 15 वातावरण होतो, आणि असा दाब पृथ्वीच्या हवेत कुठेही नाही. म्हणून नुसत्या विसरणावर जगणारे प्राणी एक तर मिलिमीटरच्या आसपास राहतात, नाहीतर आकार मोडून पातळ होतात. माणसाच्या आतड्यात राहणारा पट्टकृमी कित्येक मीटर लांब वाढतो. त्याला हृदय नाही, रक्त नाही, आतडेसुद्धा नाही. पण तो फितीसारखा चपटा असतो, त्यामुळे त्याची कोणतीही पेशी पृष्ठभागापासून मिलिमीटरभराहून लांब पडत नाही. समुद्रातला जेलीफिश थाळीएवढा होतो, पण त्याच्यातला बराचसा भाग निर्जीव जेली असतो आणि जिवंत पेशींचे थर त्या जेलीच्या दोन्ही अंगांना पातळ पसरलेले असतात. वडाचा प्रचंड बुंधाही आतून बहुतांशी मृत लाकूडच असतो. जिवंत भाग सालीखालच्या पातळ थरात आणि पानांत, आणि पानाची जाडी मिलिमीटरचा काही अंशच.

ज्यांना पातळ होणे परवडले नाही, त्यांनी पृष्ठभाग आत दुमडून घेतला. माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास असते. त्याच माणसाच्या छातीत 30 ते 48 कोटी वायुकोश असतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग, मोजण्याच्या पद्धतीनुसार, 70 ते 130 चौरस मीटर भरतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा सरासरी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ आहे. आतड्याचे तसेच. तिथले अस्तर घड्यांचे, घड्यांवर बारीक बोटांसारखे उंचवटे आणि त्या उंचवट्यांवरच्या पेशींना पुन्हा सूक्ष्म केसाळ कड. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. आतड्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते, हे वाक्य पुस्तकापुस्तकांतून फिरत आले आहे. 2014 साली स्वीडनच्या हेलांडर आणि फेंड्रिक्स यांनी नव्याने मोजणी केली तेव्हा ते 30 चौरस मीटरच्या घरात निघाले. आकडा घटला, तरी तो त्वचेच्या सतरा-अठरापट आहेच. आपल्या मुद्द्याला तेवढे पुरेसे आहे. फुगवलेले आकडे घेऊन बरोबर मुद्दा मांडला की पुढे तो मुद्दाच संशयाच्या भोवऱ्यात सापडतो, म्हणून हे स्पष्ट केले.

पृष्ठभाग आत घेतला तरी अंतर उरतेच. फुफ्फुसापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मीटर-सव्वा मीटर, म्हणजे विसरणाच्या हिशेबात वर्षानुवर्षे. म्हणून हृदय, म्हणून धमन्या, म्हणून केशवाहिन्यांचे जाळे. आता या जाळ्याच्या अगदी टोकाला, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ते पाहू. उंदराची तांबडी रक्तपेशी सुमारे 6 मायक्रॉन व्यासाची, माणसाची साडेसात, हत्तीची नऊच्या आसपास. उंदीर आणि हत्ती यांच्या वजनात लाखपटीहून अधिक फरक, आणि रक्तपेशीच्या व्यासात दीडपटच. केशवाहिन्यांची रुंदीही त्याच बेताची. हत्तीच्या मांडीतल्या स्नायूची कोणतीही पेशी घेतली तर जवळची केशवाहिनी तिच्यापासून केसाच्या जाडीइतक्या अंतरात सापडते. म्हणजे ज्या ठिकाणी प्राणवायू खरोखर हात बदलतो, तिथे हत्तीलाही लहानच व्हावे लागते. हृदय, महाधमनी, छातीचा पिंजरा, कल्ले हे सगळे त्या बारीक जागेपर्यंत माल पोचवण्याचा बंदोबस्त आहे.

यावर पहिला आक्षेप जीवाणूंच्या बाजूने येतो. नामिबियाच्या किनाऱ्याजवळ 1999 साली पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढणारा जीवाणू सापडल्याचे जाहीर झाले, आणि 2022 साली कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटाच्या खारफुटीत साधारण एक सेंटीमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा जीवाणू वर्णन केला गेला. एकच पेशी, हृदय नाही, कल्ले नाहीत, मग आकाराचा नियम गेला कुठे? हा जीवाणू कापून पाहिला तर उत्तर सापडते. त्याच्या पेशीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला आहे. जिवंत पेशीद्रव काठाकाठाने, काही मायक्रॉनच्या पातळ थरात चिकटलेला असतो. तो लांबीला सेंटीमीटरभर आहे, पण त्याची देवघेव नेहमीच्या जीवाणूच्याच मापाने चालते. जेलीफिशने जी तोड काढली, तीच त्यानेही काढली. नियम मोडणारा म्हणून पुढे आणलेला हा साक्षीदार माझ्याच बाजूने बोलतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुंतागुंत आकारामुळे येते म्हणता, मग मिलिमीटरपेक्षा लहान कीटक कसे असतात? त्यांना पाय असतात, डोळे असतात, मज्जासंस्था असते. हे खरे आहे, आणि म्हणून मी सगळ्या गुंतागुंतीचा उगम आकारात आहे असा दावा करत नाही. डोळा आकारापायी आला नाही. पाय आकारापायी आले नाहीत. माझा दावा देवघेवीच्या अवयवांपुरता आहे, आणि तेवढ्यापुरता तो तपासायची उत्तम सोय निसर्गाने करून ठेवली आहे. मोठ्या पूर्वजांपासून लहान झालेले जीव पाहावेत. अवयव ही प्रगतीची बक्षिसे असतील तर ते टिकायला हवेत; आकाराची किंमत असेल तर आकार घटला की ते गळायला हवेत. खरजेचा किडा घ्या. तो कोळ्यांच्या, विंचवांच्या कुळातला. कोळ्याला पानापानांची फुफ्फुसे किंवा श्वासनलिका असतात. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असतो आणि त्याला यातले काही नाही. तो सगळ्या अंगाच्या कातडीतून श्वास घेतो. घरातल्या धुळीत राहणारे, दम्याच्या रुग्णांना छळणारे किडेही तसेच. अमेरिकेतल्या सॅलमँडरांच्या एका मोठ्या कुळाने तर फुफ्फुसे साफ गमावली आहेत आणि ते बारीक, ओलसर अंगाचे जीव त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून प्राणवायू घेतात. गरज सरली, अवयव गेला. शिडीच्या कल्पनेला हे खाली उतरणे समजावून सांगता येत नाही.

कीटकांबद्दल थोडक्यात सांगतो. कीटक रक्तातून प्राणवायू फिरवत नाहीत. हवा भरलेल्या बारीक नळ्या तो थेट पेशींपर्यंत नेतात. हवेत विसरण पाण्यापेक्षा हजारो पटींनी वेगवान असते, त्यामुळे ही युक्ती लहान देहाला फार स्वस्त पडते. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी 65 ते 70 सेंटीमीटर पंखविस्ताराचे, चतुरांच्या जवळच्या नात्यातले कीटक होते आणि तेव्हाच्या हवेत प्राणवायू तिशीच्या टक्क्यांत असावा असे अंदाज आहेत. त्यावरून प्राणवायूनेच त्यांची मर्यादा ठरवली असे सरसकट म्हटले जाते. 2012 साली जीवाश्मांच्या पंखांची मोजणी झाली तेव्हा दिसले की सुरुवातीची कोट्यवधी वर्षे कीटकांचा आकार प्राणवायूबरोबर वरखाली होतो, पण पक्षी आल्यानंतर हे नाते तुटते. प्राणवायू वाढूनही कीटक वाढत नाहीत. भौतिक नियम कमाल मर्यादा आखून देतो. त्या मर्यादेच्या आत जीव कुठे थांबतो हे त्याचे शत्रूही ठरवतात.

आता उष्णतेकडे वळू. इथे गोष्ट उलटी होते, कारण पदार्थ पृष्ठभागातून आत यावे लागतात आणि उष्णता बाहेर जावी लागते. माक्स रूबनर यांनी 1883 साली सात कुत्र्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. सर्वांत लहान कुत्रा 3 किलोच्या आसपास, सर्वांत मोठा 31 किलो. प्रत्येक किलोमागे लहान कुत्रा मोठ्याच्या जवळजवळ अडीचपट उष्णता निर्माण करत होता. पण हिशेब त्वचेच्या प्रत्येक चौरस मीटरमागे केला की सगळे कुत्रे जवळपास एका रांगेत आले, दिवसाला सुमारे हजार कॅलरी, आपण आहारात मोजतो त्या. लहान देहाला पृष्ठभाग जास्त, म्हणून गळती जास्त, म्हणून भट्टी जोरात. याचे टोक पाहायचे तर एट्रुस्कन चिचुंद्री पाहावी. आपल्या घराच्या मोरीत फिरणाऱ्या चिचुंद्रीच्याच प्रजातीगटातली ही जात जेमतेम दोन ग्रॅमची असते. तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 1500 पर्यंत नोंदले गेले आहेत, हत्तीचे तिशीच्या आसपास. रोज स्वतःच्या वजनापेक्षा जास्त खावे लागते, आणि अन्न मिळाले नाही तर काही तास अंगाचे तापमान खाली उतरवून निपचित पडावे लागते. यापेक्षा लहान सस्तन प्राणी फारसे नाहीत. दोन ग्रॅमच्या खाली भट्टी पेटती ठेवण्यापुरते सरपण गोळा करायला दिवस पुरणार नाही.

मोठ्या देहाची पंचाईत उष्णता टाकण्याची असते. माक्स क्लायबर यांनी हिशेब करून दाखवला होता की बैलाचा प्रत्येक ग्रॅम उंदराइतक्या वेगाने जळू लागला, तर ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी बैलाची कातडी उकळत्या पाण्यापेक्षा गरम ठेवावी लागेल. म्हणून हत्तीचे कान. त्या पातळ पाळ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि कान हलवले की रक्त निवते. 2012 च्या एका अभ्यासाने असेही दाखवले की हत्तीच्या अंगावरचे विरळ केस उष्णता अडवण्याऐवजी बाहेर टाकायला मदत करतात. आपल्याकडची म्हैसही याच पंक्तीतली. देह भरघोस, कातडी काळी, आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने खूपच कमी. ती दुपारी डबक्यात डुंबते ते आळसाने नव्हे; चिखलाचा लेप अंगावर घेऊन बाहेर आली की त्यातले पाणी वाळताना कातडीची उष्णता घेऊन जाते, आणि ग्रंथींनी जे काम करायचे ते चिखल करतो. तिला डुंबू दिले नाही किंवा अंगावर पाणी मारले नाही की उन्हाळ्यात दूध घटते, हे गोठा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण मोठेपणाचा फायदाही असतो. तहानलेल्या उंटाच्या अंगाचे तापमान पहाटे 34 अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी 40 च्या वर जाऊ शकते. पाचशे किलोच्या देहात सहा अंशांची उष्णता दिवसभर साठवून ठेवायची आणि रात्रीच्या गार हवेत सोडून द्यायची, या एका सवयीने त्याचे रोजचे चार-पाच लिटर पाणी वाचते. त्याच वाळवंटातल्या उंदराला हे जमणार नाही. तो काही मिनिटांतच तापून निघेल. म्हणून तो दिवसा बिळातून बाहेर पडत नाही.

इथपर्यंत सगळे सरळ दिसते, आणि इथेच खरा आक्षेप उभा राहतो. पृष्ठफळ हेच कारण असेल तर चयापचय वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढायला हवा. क्लायबर यांनी 1932 साली उंदरांपासून बैलांपर्यंतचे आकडे एका आलेखावर मांडले तेव्हा घात आला तीन-चतुर्थांशाच्या जवळ. शिवाय ज्यांना अंग गरम ठेवायचेच नसते त्या सरड्यांमध्ये आणि माशांमध्येही प्रत्येक ग्रॅममागचा चयापचय आकाराबरोबर उतरतो. सरड्याला उष्णतेच्या गळतीची काळजी नाही, मग त्याची भट्टी कुणासाठी मंदावते? वेस्ट, ब्राउन आणि एनक्विस्ट यांनी 1997 साली याचे उत्तर वाहतुकीच्या जाळ्यात शोधले. रक्तवाहिन्यांसारखे, फाटे फुटत जाणारे आणि शेवटी सर्वत्र सारख्याच मापाच्या टोकांना पोचणारे जाळे देहभर पसरवायचे तर गणिताने तीन-चतुर्थांश निघतो, असे त्यांनी मांडले. 2003 साली व्हाइट आणि सीमोर यांनी सस्तन प्राण्यांचे आकडे तापमान आणि पचनस्थिती यांचा विचार करून पुन्हा चाळले आणि घात पुन्हा दोन-तृतीयांशाकडे झुकला. वाद मिटलेला नाही. मला यातून दोन गोष्टी मान्य कराव्याशा वाटतात. रूबनर यांनी पाहिलेले तथ्य बरोबर होते, पण त्वचेतून होणारी गळती हे त्याचे एकमेव कारण मानणे चूक ठरले. सरड्याचा पुरावा ते टिकू देत नाही. आणि घात कोणताही निघो, तो एकापेक्षा कमी आहे यावर वाद नाही. चार टनांच्या हत्तीचा प्रत्येक ग्रॅम उंदराच्या ग्रॅमच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास ऊर्जा वापरतो. लहानाला मोठे करताना सगळे सारख्या पटीने वाढत नाही, एवढे निर्विवाद आहे, आणि वाहतुकीचे जाळे हे त्याचे कारण ठरले तर तो माझ्या मूळ मुद्द्याला बळच देईल.

बेर्गमान यांच्या 1847 च्या नियमाबद्दल मी तितका उत्साही नाही. थंड प्रदेशातले प्राणी मोठे असतात, कारण मोठ्या देहाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, हे ऐकायला पटते. सुमात्राचा वाघ लहान आणि सैबेरियाचा मोठा, हे उदाहरण ठरलेले. पण नेपाळ आणि भारताच्या तराईतला वाघ वजनात सैबेरियाच्या वाघाला हार जात नाही, आणि तराईत बर्फ पडत नाही. तिथे सावज भरपूर असते. शोलांडर यांनी 1955 मध्येच बजावले होते की थंडीशी झुंजताना आकारापेक्षा फर आणि चरबी यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. फर दुप्पट दाट करण्याने जे साधते ते साधायला देह कित्येक पटींनी वाढवावा लागेल. पृष्ठफळाचा हिशेब हाती आला की सगळीकडे तोच लावण्याचा मोह होतो. इथे तो आवरायला हवा.

मात्र एका जागी हा हिशेब आपण अजून पुरेसा लावत नाही, आणि ती जागा माणसाच्या घरातच आहे. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत, असे आपण सहज धरून चालतो. वजनाच्या प्रमाणात सगळे मोजण्याने काय होते, याचे एक दुर्दैवी उदाहरण 1962 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत घडले. सुमारे तीन टनांच्या एका हत्तीला एलएसडी टोचायचे ठरले. मांजराला सोसणारी मात्रा हत्तीच्या वजनाने गुणली आणि 297 मिलिग्रॅम दिले. काही मिनिटांतच हत्ती कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. त्याला वाचवण्यासाठी दिलेली इतर औषधे कारणीभूत होती का, यावर पुढे मतभेद झाले. ते रास्त आहेत. तरीही मोठ्या देहाचा चयापचय वजनाच्या प्रमाणात वाढत नाही हे लक्षात घेतले असते तर मात्रा याच्या कितीतरी कमी निघाली असती. कर्करोगाच्या अनेक औषधांची मात्रा आजही अंगाच्या चौरस मीटरवर ठरवतात, ती याच विचारातून. पण या हिशेबालाही सीमा आहे. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंडे कच्ची असतात. 1959 साली क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली नवजात बाळे राखाडी पडून दगावल्याचे लक्षात आले, कारण त्यांच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नव्हते. आकार सांगतो त्यापलीकडे वय काही सांगते.

उष्णतेच्या बाबतीत मात्र बाळाला आकाराच्या तावडीतून सूट नाही. साठ किलोच्या माणसाला प्रत्येक किलोमागे जितकी त्वचा असते त्याच्या जवळजवळ अडीचपट त्वचा तीन किलोच्या बाळाला असते, आणि एक किलोच्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला साडेतीनपट. त्यात बाळ जन्मते ते ओले. एक ग्रॅम पाणी वाळताना अर्ध्याहून थोडी अधिक कॅलरी घेऊन जाते. बाळाच्या अंगावरचे दहा ग्रॅम पाणी असे वाळले आणि ती सगळी उष्णता बाळाच्याच देहातून गेली, तर तीन किलोच्या बाळाचे तापमान दोन अंशांपेक्षा जास्त उतरते. साठ किलोच्या माणसाच्या अंगावरचे तेवढेच पाणी वाळले तर उतार एका अंशाच्या आठव्या हिश्श्याइतका. पहिल्या दहा-वीस मिनिटांत उघड्या बाळाचे तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते या गणिताशी जुळते. बाळ थरथरून ऊब करू शकत नाही; त्याच्या पाठीशी मानेच्या आणि खांद्यांच्या भागातली तपकिरी चरबी तेवढी असते, आणि लवकर जन्मलेल्या बाळात तीही तुटपुंजी. म्हणून आधी अंग कोरडे करायचे, पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवायची, डोके झाकायचे. डोके यासाठी की बाळाच्या एकूण त्वचेचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथे असतो, मोठ्या माणसाच्या दुप्पट.

जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि ती प्रेमापोटीच आली आहे. तिच्याविरुद्ध बोलणे मला जरुरीचे वाटते, कारण कमी वजनाची बाळे आपल्या राज्यात थोडी नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले होते. त्यात जंतुसंसर्गावरच्या उपचारांचा वाटा मोठा होता, सगळे श्रेय उबेला देणे योग्य होणार नाही. पण बाळाला गुंडाळून ऊबदार ठेवणे हा त्या काळजीचा एक ठरलेला भाग होता. कोलंबियाच्या बोगोटा शहरात 1978 साली एडगर रे यांनी आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली, कारण उबवणी पेट्या पुरत नव्हत्या. 2021 साली घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या चाचणीचे निकाल आले. 1 किलो ते 1.8 किलोच्या आतल्या वजनाच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच आईच्या अंगाशी ठेवले तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी होतात. या यशात अंगावरच्या दुधाचा आणि कमी झालेल्या जंतुसंसर्गाचाही हात आहे. उबेपुरते बोलायचे तर यातले भौतिकशास्त्र तेच आहे. बाळाचा पुढचा सगळा भाग हवेऐवजी 37 अंशांच्या त्वचेला टेकला, की गळतीच्या पृष्ठभागातून तेवढा तुकडा वजा होतो, आणि दीड किलोचे बाळ त्या तासांपुरते साठ किलोच्या देहाचा भाग होऊन राहते.